भुजंगकाकांची पारख

पाथरीच्या खाली, गोदावरीकाठच्या भोईवाड्यात पावसाळ्याचा एकच कायदा होता: पोटाखाली अंडी असलेला झिंगा जागीच पाण्यात सोडायचा, काठावर आणायचा नाही. कायदा सरकारचा नव्हता, भुजंगकाकांचा होता. म्हणून तर तो पाळला जाई! रोज सकाळी सगळे आपापली पाटी त्यांच्यापुढे ओतत आणि काका एकेक झिंगा उताणा करून बघत. कुणाकडे अंडीवाला सापडला, की त्याने आठ दिवस नदीत पाय घालायचा नाही.

त्र्याऐंशीच्या भादव्यात काकांची नजर गढुळली. त्यांनी बायकोलाही सांगितलं नाही. पारख गेली की माणूस ओट्यावरचा म्हातारा होतो, ही धास्ती. अदमासानेच काम भागवत राहिले.

एके दिवशी नागनाथच्या पाटीतल्या एका झिंग्याखाली त्यांना काळं काहीतरी दिसलं.

"अंडी हायती."

"शेवाळ हाय ते, काका. बोट लावून बघा की."

चारचौघांत कालचा पोरगा आपल्याला शिकवतो! काकांनी झिंगा तसाच डोहात भिरकावला.

"आठ दिवस घरी बस."

नागनाथ बसला. घरात दोन लेकरं. त्याची बायको पंचफुला लोकांच्या रानात निंदायला जायला लागली.

चौथ्या दिवशी काकांची बायको पार्वतीबाई कालवणासाठी झिंगे सोलत होती. ते काकांनीच धरलेले. तिचा हात थांबला.

"आवं, ह्ये तर अंडीवाले हायती! येक न्हाई, तीन. दिसंना झालंय का तुमाला?"

काकांनी बोट लावलं. मऊ दाणे बोटाला चिकटले. डोळे गेले होते, बोट शाबूत होतं. आणि नागनाथ विनवत असताना ते बोट त्यांनी उचललं नव्हतं. काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"उद्या सांगून टाका समद्यांला," पार्वतीबाई म्हणाली.

"सांगतो."

उद्याचा परवा झाला, परवाचा तेरवा. काका निलाजऱ्यासारखे लोकांच्या पाट्या तपासत राहिले.

नवव्या दिवशी नागनाथ घाटावर आला. पाटी ओतण्याआधी वाकून काकांच्या पाया पडला.

"उलटून बोललो, काका. चुकलं माजं."

सगळे बघत होते. खरं सांगायला याहून बरी वेळ देवानेही दिली नसती. लाजेनं काकांचे कान तापले. त्यांनी हात नागनाथच्या डोक्यावर ठेवला, तोंड उघडलं, आणि स्वतःचाच आवाज त्यांना ऐकू आला,

"बरं. पुन्हा करू नको."