पत्राचा खालचा भाग

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस दिल्लीहून शिक्षक-प्रशिक्षणाचा नवा आराखडा आला, तेव्हा मी भोरला एका बी.एड. कॉलेजात शिकवत होते. विद्यार्थी म्हणे ग्राहक आणि शिक्षक म्हणे सेवा पुरवणारा! इंग्रजी संभाषण, संगणक, व्यवस्थापन, सगळं त्यात कोंबलेलं. त्याला वेळ कुठून काढायचा? तर खेड्यातला महिनाभराचा छात्रसेवाकाल रद्द. त्या महिन्यात आमची पोरं डोंगरातल्या हायस्कुलांत राहून शिकवायची. खाजगी कॉलेजवाले खूश, त्यांची कटकट गेली. माझं डोकंच फिरलं. अहो, तिकडं शिकवायला माणूस मिळेना आणि हे निघाले दुकानदारी शिकवायला. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

विद्यापीठाच्या अभ्यास मंडळावर आम्ही चारपाच जण विरोधात उभे राहिलो. अध्यक्ष म्हणाले, "नुसतं भांडून भागणार नाही बाई, पुरावा आणा." म्हणून मी एसटीनं हिर्डोशी गाठली आणि पुढं चालत एका वाडीतल्या हायस्कुलात गेले. मुख्याध्यापकांना म्हटलं, "सर, आमच्या पोरांचा उपयोग होतो, एवढं लिहून द्या."

त्यांनी चहा पाजला आणि तासभर बसून पानभर लिहिलं. वरच्या अर्ध्यात आमचं कौतुक. खाली लिहिलं होतं: 'गणिताची जागा तीन वर्षं रिकामी आहे. मागणी केली की ऑफिस म्हणतं, तुमच्याकडे बी.एड.ची मुलं येतात ना? ती महिन्यानं जातात. आमची दहावीची मुलं गणितात नापास होतात. विद्यापीठानं हे वर कळवावं.'

परतीच्या एसटीत मी ते चारदा वाचलं. हे मंडळापुढं गेलं तर समोरच्यांच्या हाती आयतं कोलीत. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मनाशी म्हटलं. बैठकीत वरचा भाग तेवढा शिरा ताणून वाचला आणि कागद घडी करून पर्समध्ये टाकला. त्या वर्षी आमच्या विद्यापीठानं आराखडा नाकारला, छात्रसेवाकाल वाचला. मी कॉलेजात पेढे वाटले. त्या पेढ्यांची मला अजून लाज वाटते.

पुढच्या हिवाळ्यात नवी तुकडी घेऊन त्याच शाळेत गेले. मुख्याध्यापक फाटकाशीच भेटले.

"बाई, माझं पत्र वाचलं का तिथं?"

"वाचलं की."

"पुरतं?"

"हो," मी म्हणाले.

त्यांचा चेहरा उजळला. व्हरांड्यात पालक बसले होते, त्यांना ते तिथूनच ओरडून म्हणाले, "बघा, म्या म्हनत न्हवतो? विद्यापीठात समद्यांनी आयकलंय. फुडल्या साली गणिताचा मास्तर येतोय."

एक आई उठून माझ्याजवळ आली. "बाई, माझी ल्येक औंदा दहावीला हाय. गणितात लई कच्ची. मग तिला आत्ता परीक्षेला बसवू नगं का? फुडल्या सालीच बसवते, मास्तर आल्यावर."

मी "बघा तुम्ही" म्हणाले आणि पोरांना घेऊन वर्गात शिरले.