पात्यांवरचं तेल

दुसऱ्या कुणीतरी आधी उघडलेली लेन्स दुरुस्तीला आली, की माधव आगाशे पहिल्यांदा खिडकी उघडतात. अशा लेन्सला वास येतो, असं त्यांचं म्हणणं. कॉलेजच्या भौतिकशास्त्र प्रयोगशाळेत चौतीस वर्षं सहायक म्हणून काढली, आता सदाशिव पेठेतल्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलावर जुन्या लेन्स उघडून बसतात. दुसऱ्याच्या उष्ट्या कपाकडेही त्यांना बघवत नाही.

धायरीच्या तेजस्विनीने तिच्या वडिलांची लेन्स आणली ती मोज्यात गुंडाळून.

"धुतलेला आहे, काका."

"ते तुम्ही म्हणताय," असं म्हणून आगाश्यांनी मोजा चिमट्याने बाजूला ठेवला.

तिचे वडील महिपती, धायरी खेडं होतं तेव्हापासून, लग्नाचे फोटो काढायचे. मागच्या वर्षी ते गेले. ही लेन्स पुन्हा वापरायची, एवढंच तिला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आगाश्यांनी रबरी बूच दाबून पुढची कडी फिरवली. आतल्या काचेवर बुरशी पसरली होती, ओल्या भिंतीवर पसरते तशी. एका कडेला झुरळाचा पाय चिकटलेला. उजेड कमीजास्त करणारी सहा पाती काळ्या चिकट्यात एकमेकांवर बसली होती. स्क्रूंची डोकी कुरतडल्यासारखी, आणि वर थापलेलं नेलपॉलिश.

"शी," ते म्हणाले. "ही पाती कोरडी असायला हवीत. तेल घातलंय गाढवाने. तेच उडून काचेवर बसतं आणि मग हे असलं वाढतं."

"नावं ठेवून झाली की हात धुवा," त्यांच्या पत्नी उल्काताई मटार सोलता सोलता म्हणाल्या. "आणि ते झुरळ टेबलावर नको."

"हा माणूस भेटला ना, तर समोर उभा करून विचारीन."

मग त्यांनी आतली पितळी कडी स्पिरिटने पुसली. काळं निघालं तसं टाचणीने कोरलेलं अक्षर वर आलं. मा. आ. ८६.

आगाशे उठले आणि बेसिनशी जाऊन साबणाने हात धुतले. मग परत एकदा धुतले. ते आले तेव्हा उल्काताई भिंग डोळ्याला लावून बसल्या होत्या.

"अहो, हे तुमचंच अक्षर."

"हो."

त्यांनी भिंग खाली ठेवलं आणि पुन्हा मटार सोलायला घेतले. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं, असं आगाश्यांना वाटलं.

तेव्हा ते अठ्ठावीस वर्षांचे होते. धायरीहून एक माणूस सायकलवर प्रयोगशाळेत लेन्स घेऊन आला होता, एवढं त्यांना आठवलं. पाती जड वाटली म्हणून शिवणयंत्राचं तेल त्यांनीच सोडलं होतं, आणि वर ऐटीत नावही कोरलं होतं. आज दुपारी त्यांना जेवण गेलं नाही.

एकेक पातं लायटरच्या पेट्रोलमध्ये धुण्यात तीन दिवस गेले. काचा स्वच्छ निघाल्या, पण एकीवर बुरशीने खाल्लेला डाग कायमचा राहिला.

शनिवारी तेजस्विनी आली, तेव्हा त्यांनी तिला बसायलाही सांगितलं नाही.

"ही लेन्स मीच खराब केली होती. शहाऐंशी साली."

ती हसली. "म्हणजे ते तुम्ही? बाबा सांगायचे, पुण्यातल्या एका मास्तरानं हात लावल्यापासून ह्यात माणसं लई मऊ दिसत्यात. लोक लांबून यायचे त्यांच्याकडे."

तिने मोबाइलवर जुने फोटो दाखवले. नवऱ्या मुलींच्या चेहऱ्याभोवती धुरकट उजेड होता. मंगळसूत्राचे मणी एकमेकांत वितळलेले, डोळ्यांना कड नाही. वीस वर्षांतल्या नवऱ्या, सगळ्या त्यांच्या तेलातून पाहिलेल्या.

"छान आहेत ना?"

"घाण आहेत," ते म्हणाले. "लेन्स स्वच्छ असती तर यातली प्रत्येक बाई स्वतःसारखी दिसली असती."

तेजस्विनीने मोबाइल खाली घेतला. "शेवटची दाखवली ती माझी आई होती. तिचा दुसरा फोटो नाही आमच्याकडे."

आगाश्यांना आता स्वतःच्या जिभेचीही किळस आली. माफी मागायची होती, पण तोंडातून निघालं ते एवढंच, "बसा. चहा घ्या."

ती बसली. चहा होईपर्यंत तिने लेन्स कॅमेऱ्यावर चढवली, कडी फिरवून पाहिली आणि न विचारता त्यांचा फोटो काढला.

तो आठवड्याने मोबाइलवर आला. चेहऱ्यावरची एकेक सुरकुती मोजता येत होती, नखांखालचा काळा चिकटाही. उल्काताईंना तो फ्रेम करून हवा होता. आगाशे नको म्हणाले.