अण्णांची करंगळी

माझ्या सासऱ्यांचा, म्हणजे अण्णांचा, यंत्रांवर काडीचा विश्वास नाही. आमची डेअरी घराखालीच आहे. सकाळी गोठ्यांवरून दुधाचे कॅन येतात तेव्हा दूध तपासायची काचेची नळी खिळ्याला लटकत असते आणि अण्णा प्रत्येक कॅनमध्ये करंगळी बुडवत असतात. थेंब जिभेवर टेकवायचा, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा. दूध चांगलं असलं तर एकच शब्द, "चोख." नसलं तर तोही नाही, कॅन परत उचलायची नुसती खूण. लग्नानंतर मी पहिल्यांदा चहा केला तेव्हाही त्यांनी घोट घेऊन डोळे मिटले होते, आणि माझा जीव टांगणीला लागला होता.

अशा घरात माझी मुलगी जन्मली. नाव ठेवायच्या आधीच अण्णांनी तिला पिटुकली करून टाकलं. ती अंगावरच पीत होती. दोनेक महिन्यांची झाली आणि तिच्या गालांवर लाल चट्टे उठू लागले. पिऊन झालं की पाय पोटाशी घेऊन रडायची. मग एक दिवस तिच्या शीमध्ये रक्ताच्या बारीक रेघा दिसल्या आणि माझं धाबं दणाणलं.

डॉक्टरीणबाईंनी तिला तपासलं, मला खूप प्रश्न विचारले. म्हणाल्या, "गाईच्या दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी दिसतेय. तू जे खातेस त्यातलं थोडं तुझ्या दुधातून तिला मिळतं. पाजणं थांबवू नकोस. तू दूध, दही, लोणी, चीज सोड. तुझ्या हाडांसाठी गोळ्या मी देते."

अण्णा सोबत आले होते. "म्हशीचं चालेल?"

"नाही."

"शेळीचं?"

"तेही नाही, आजोबा. प्रथिनं साधारण तीच असतात."

अण्णांचं तोंड एवढंसं झालं. घरी आल्यावर म्हणाले, "दूधवाल्याच्या नातीला दूध सोसत नाही. लोक काय म्हणतील?"

"लोकांना सांगतंय कोण?" सासूबाई म्हणाल्या. संध्याकाळपर्यंत अण्णांनीच अख्ख्या गल्लीला सांगून टाकलं होतं.

पण एकदा पटलं की माणूस हट्टाला पेटतो. बिस्किटाच्या पुड्यावरची बारीक अक्षरं ते चष्मा वर-खाली करत वाचायचे आणि दुधाची पावडर सापडली की पुडा दाराबाहेर. नवऱ्यानं माझ्यासमोर दुधाचा चहा प्यायला तर त्याच्याकडे असं बघायचे की तो कप घेऊन जिन्यात जायचा. स्वतःच्या मुलांचा एक लंगोट न बदललेला हा माणूस नातीचा प्रत्येक लंगोट उजेडात धरून तपासू लागला.

पिटुकली सुधारली. गाल निवळले, झोप लागू लागली. रक्त मात्र पुरतं जाईना. चार दिवस बरे गेले की पुन्हा एखादी रेघ दिसायची.

"काही खाल्लंस का गं?" सासूबाईंनी विचारलं. मग नवऱ्यानं विचारलं. मग फोनवरून माझ्या आईनंसुद्धा. मी कोरडी भाकरी खाऊन दिवस काढत होते आणि संशय माझ्यावरच. माझं डोकं फिरलं होतं. एकटे अण्णा कधी विचारायचे नाहीत. "सूनबाई खोटं बोलणार नाही," एवढंच म्हणायचे.

मग अण्णा बहिणीकडे राहायला गेले आणि पिटुकली ठणठणीत झाली. ते परतले आणि पुन्हा रेघ. तेव्हाही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

एका सकाळी मी तिला घेऊन दुकानात उतरले. अण्णांनी कॅनमध्ये करंगळी बुडवली, चव घेतली, "चोख" म्हणाले, बोट फडक्याला पुसलं. तेवढ्यात पिटुकली किरकिरली. अण्णा लगबगीनं आले आणि त्यांनी सवयीनं तीच करंगळी तिच्या तोंडात दिली. ती चुटूचुटू चोखू लागली. रोज वर येऊन ते तिला असंच शांत करायचे आणि आम्ही सगळे कौतुकानं बघायचो.

"अण्णा," मी म्हटलं. "बोट."

त्यांनी बोटाकडे पाहिलं. मग कॅनकडे. मग हळूच बोट काढून घेतलं आणि हात पाठीमागे धरून उभे राहिले.

"काही मुलांना तेवढंही पुरतं," आम्ही दवाखान्यात जाऊन सांगितल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आणि कच्चं दूध तर कुठल्याच बाळाला नको." अण्णांनी मान खाली घातली. त्यानंतर ते नातीजवळ फिरकेनात. लांबून, दाराच्या चौकटीतून बघायचे. ती त्यांना बघून हात पसरायची आणि ते जिना उतरून जायचे. ते मला बघवेना. शेवटी मी साबण आणि धुतलेला सदरा त्यांच्यासमोर ठेवला. "हात धुवा, सदरा बदला आणि घ्या तिला. माझे हात भरून आलेत."

ते बराच वेळ हात धूत राहिले. दुसऱ्या दिवशी डेअरीत चमचा आला. जन्माची सवय त्यांनी मोडली. गोठेवाले हसले, अण्णांनी लक्ष दिलं नाही. करंगळी मात्र धुतलेली असली तरी ते तिला देईनात.

पिटुकली वर्षाची झाल्यावर डॉक्टरीणबाईंच्या देखरेखीखाली तिला दूध द्यायला सुरुवात झाली. आधी किंचित दूध घालून भाजलेलं बिस्कीट, मग हळूहळू पुढचं. सगळं पचलं, तेव्हा त्यांनी दवाखान्यातच थोडं दूध पाजून बघायचं ठरवलं. अण्णांनी स्वतः उकळलेलं दूध आणलं होतं. पिटुकलीनं चमचा उडवून लावला. पुन्हा दिला, पुन्हा उडवला, आणि आजोबांची करंगळी धरून ओढू लागली.

"द्या बोटानं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. ते उठून बेसिनशी गेले, हात धुतले, परत आले. करंगळी दुधात बुडवून त्यांनी तिच्यापुढे धरली. तिनं ती चाखली आणि अजून मागितली.

पुरेसा वेळ झाल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अंगावर काही उठलं नाही. जा आता घरी. थोडे दिवस शीवर लक्ष ठेवा." अण्णा जागचे हलेनात. "अजून जरा बसतो," म्हणाले.

घरी प्रत्येक लंगोट त्यांनीच उघडला, कुणाला हात लावू दिला नाही. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेले दिवस संपले तेव्हा शेवटचा लंगोट त्यांनी खिडकीत नेला, उलटसुलट करून पाहिला. मग चष्मा काढून डोळे पुसले.

"चोख," म्हणाले.