आश्रुबाचा लांब श्वास

चकलांब्याचा आश्रुबा पोरवयापासून दम्यानं बेजार. मिरगाच्या तोंडावर आभाळ भरलं की त्याची छाती भात्यासारखी वाजायला लागायची आणि शेजारीपाजारी म्हणायचे, हा काही यंदाची दिवाळी बघत नाही. अशा वीस-पंचवीस दिवाळ्या त्यानं बघितल्या, पण माणूस चिडका झाला. बैलांवर ओरडायचा, बायनाबाईवर, म्हणजे बायकोवर, ओरडायचा, आणि ओरडता ओरडता धाप लागून मटकन खाली बसायचा.

निजामाच्या राज्यात, फसली सन तेराशे वीसच्या सुमारास गावच्या महादेवाच्या देवळात एक गोसावी मुक्कामाला आला. त्यानं आश्रुबाला श्वास शिकवला. एका नाकपुडीनं घ्यायचा, कोंडायचा, दुसरीनं सोडायचा, आणि दर पंधरवड्याला कोंडायचे आकडे वाढवत न्यायचे. आश्रुबाला आकडे कुठले येतात! तो सुंदरराव देशमुखाच्या मळ्यात मोट हाकायचा, तेव्हा त्यानं सगळं मोटेवरच बसवलं. बैल मागं सरताना श्वास आत, बैल धावेचा उतार उतरेपर्यंत कोंडलेला, मोटेचं पाणी काठावरच्या थारोळ्यात पडलं की बाहेर. बाकीच्यांच्या मोटेवर गाणी चालायची आणि हा मुक्यासारखा बैलांमागं फिरायचा. लोकांनी पोट धरून टिंगल केली.

वर्षभरात दमा गेला. दोन वर्षांत छाती रुंद झाली, गाढ झोप लागायला लागली. त्याहून नवल म्हणजे राग गेला. बैल बिथरला तरी याचा आवाज चढेना. बायनाबाईनं महादेवाला नारळ फोडला. बिचारीला काय ठाऊक!

गावाला मात्र फुकटचा पाणबुड्या मिळाला. कुणाची घागर विहिरीत पडली, बोलवा आश्रुबाला. मग घागरींची माणसं झाली. गाळात रुतलेलं प्रेत काढायला दुसरा कुणी धजत नसे. हा तळाशी जाऊन निवांत चाचपायचा आणि घेऊन वर यायचा. लोक वाहवा करायचे, आणि दुसऱ्या दिवसापासून त्याला आपल्या ओसरीवर टेकू देत नसत.

एका सकाळी सुंदररावाच्या घरून बोलावणं आलं. धाकटी सून सत्यभामा मळ्यातल्या विहिरीत पडली होती. काठावर सगळं गाव लोटलेलं. आश्रुबा उतरला. तळाशी पोरगी हाताला लागली, पण उचलेना. त्यानं चाचपून बघितलं. तिचे दोन्ही हात मागं घेऊन मोटेच्या दोराच्या तुकड्यानं दगडाला आवळलेले होते. आपले हात आपण असे बांधता येत नाहीत, हे कळायला काही मोठं शहाणपण लागत नाही.

दुसरा कुणी असता तर जीव घाबरा होऊन वर आला असता, दोर मागितला असता, आणि पोरगी दगडासकट काठावर आली असती. गावानं ती गाठ आपल्या डोळ्यांनी बघितली असती. पण आश्रुबाजवळ श्वास उदंड. समोरचं काम उरकायचं एवढंच त्याच्या मनात. सावकाश, बोटांनी चाचपत त्यानं गाठ सोडवली. दोर आणि दगड गाळात गेले. वर आली ती नुसती बुडालेली सून. काय झालंय ते आता एकट्या आश्रुबाला माहीत होतं, आणि करणाऱ्याला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तालुक्याहून पोलिसांचा अमीन आला. चावडीत पंच बसले, कारकून उर्दूत पंचनामा लिहायला लागला. अमीनानं विचारलं, तळाशी काय दिसलं? समोर सुंदरराव मिशीवरून हात फिरवत बसलेले. मोट त्यांची, मळा त्यांचा. दाराशी आष्टीकडून धावत आलेली पोरीची आई, छबुबाई. जुना आश्रुबा असता तर एवढ्यानंच त्याला धाप लागली असती, डोळे पांढरे झाले असते, आणि इथं पाणी मुरतंय हे अमीनाला न सांगता कळलं असतं. पण छातीत काही हलेना. श्वास आत गेला, थांबला, बाहेर आला.

"पाय घसरला असंल, सायेब. शेवाळ लई हाय."

अंगठा झाला. बाहेर छबुबाईनं त्याला गाठलं.

"दादा, तुमी काढली तिला. माझ्या लेकराला कुणी काई केलं व्हतं का?"

"न्हाई, बाई. झोपल्यावानी व्हती."

आवाज इतका शांत होता की त्या माउलीचा विश्वास बसला. तिनं त्याला हात जोडले आणि गेली. मेल्यानं ते हात जोडून घेतले!

घरी जेवायला बसल्यावर त्यानं बायनाबाईला सगळं सांगितलं. दगड, दोर, हात, छबुबाई, काही राखून ठेवलं नाही. तव्यावरची भाकरी करपली तरी तिचं लक्ष गेलं नाही.

"अन तुमी बोलला न्हाईत. कावून?"

"बोलून ती माघारी येणार व्हती का?"

"ती माय समोर हुबी व्हती, अन तुमच्या छातीत काईच झालं न्हाई?"

"न्हाई."

तिनं करपलेली भाकरी तव्यावरून उतरवली. मग म्हणाली, "दमा व्हता तवा तुमाला खोटं बोलता येत नव्हतं."

आश्रुबाला वाटलं, आता तरी राग येईल, लाज वाटेल, निदान घास घशात अडकेल. हातातला तुकडा तसाच धरून त्यानं थोडा वेळ वाट पाहिली. काहीच आलं नाही. मग त्यानं दुसरी भाकरी मागितली.