उकळून चालेल अशी लोकर

नाना लोकर हाताने तपासत नसत. गोळा उचलून डाव्या कानाखाली मानेला लावत, डोळे मिटून क्षणभर थांबत आणि मग घ्यायची की नाही ते ठरवत. धुळ्यात आग्रा रोडला लागून असलेल्या एका गल्लीत शांतिभाई नावाच्या गुजराती गृहस्थांचे लोकरीचे दुकान होते. तिथला नवा नोकर हा प्रकार पाहून हसला, तेव्हा नाना त्याला म्हणाले, "हात निबर असतात बाबा, काहीही खपवून घेतात. मान खोटं बोलत नाही."

ऐंशीच्या दशकाच्या मध्याला नाना रेल्वेच्या पार्सल कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झाले होते. जळगावात धाकट्या भावाच्या कुटुंबात राहत. गल्लीत त्यांना लोकरवाले नाना म्हणत. समोरच्या घरात मी भाड्याने खोली घेतली होती आणि एका दैनिकात उपसंपादक होतो. दैनिकाच्या कामासाठी मला अधूनमधून धुळ्याला जावे लागे. नानांना लोकर आणायची असली की ते माझ्या फेरीची चौकशी करत आणि आम्ही एकाच एसटीने जात असू. त्यांच्याविषयी जे माहीत आहे ते बहुतेक या प्रवासांतले आहे.

एसटीत ते खिडकीशी बसत आणि गाडी शहराबाहेर पडली की पिशवीतून सुया काढत. धोतर, काळी टोपी, पांढऱ्या मिशा आणि हातात गुलाबी लोकर, हे दृश्य पाहायला मागच्या बाकावरची माणसे उठून उभी राहत. एरंडोलला चढलेल्या एका शेतकऱ्याने एकदा न राहवून विचारले, "हाई काय करी ऱ्हायनात बाबा? बाईन्हं काम शे हाई."

नाना टाके मोजता मोजता म्हणाले, "घरमा बाई नही शे. मंग कोण करी?"

गाडी हसली. शेतकऱ्याने नानांना तंबाखू देऊ केली. नानांनी ती घेतली नाही. दुसऱ्याच्या चंचीत ते बोट घालत नसत.

त्याचे कारण जुने होते. पंचविशीच्या आतच नानांना क्षय झाला होता. घाटावरच्या एका सॅनेटोरियममध्ये ते बराच काळ होते. अंथरुणावर पडून राहणे हा तिथल्या उपचाराचा मोठा भाग. वेळ जावा म्हणून एका परिचारिकेने पुरुषांच्या वॉर्डात विणायच्या सुया वाटल्या. बाकीच्यांनी आठवड्याच्या आत त्या परत केल्या, नानांनी ठेवून घेतल्या. "छातीत काय चाललंय ते कळत नव्हतं," असे ते सांगत. "सुईवर काय चाललंय ते कळत होतं. टाका सुटला तर खाली जाऊन परत वर आणता येतो. मला तेवढं पुरलं."

ते पूर्ण बरे होऊन परतले. डॉक्टरांनी तसे स्पष्ट सांगितले होते. घराने ते कधी पुरते मान्य केले नाही. ठरलेले लग्न मोडले, दुसरे ठरले नाही. नानांचे ताट, पेला, तांब्या वेगळे होते आणि ते ती भांडी स्वतः घासून वेगळ्या फळीवर पालथी घालत. भावजय, सुमनवहिनी, मनाने वाईट नव्हत्या. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, पहिली गरम भाकरी त्या नानांनाच वाढत. फक्त हात ताटाला लागू नये इतक्या उंचीवरून ती सोडत. इतक्या वर्षांत ती कधी ताटाबाहेर पडली नाही.

शांतिभाईंच्या दुकानात मात्र नाना वेगळा माणूस असत. तिथे भिंतभर लाकडी खणांत रंगांप्रमाणे लोकर लावलेली असे. आत शिरताच ते चपला काढत, कुणी सांगितले नसताना. आधी सगळ्या खणांवरून नजर फिरवत, मग न घ्यायच्या लोकरीचीही चौकशी करत. हा राणी रंग कुठला, ही तीनपदरी आहे की चारपदरी, मागच्या थंडीतला आमसुली पुन्हा आला का. गोळा पसंत पडला की तो घेऊन थेट रस्त्यावर उन्हात जात. ट्यूबलाइटखाली निळा जांभळा दिसतो, असे त्यांचे म्हणणे. शांतिभाई गादीवरून ओरडत, "नाना, लोकर घेऊन पळून नका जाऊ हां!" नाना बाहेरून उत्तर देत, "पळण्याइतकी छाती असती तर इथं कशाला आलो असतो?" आजाराचा उल्लेख त्यांनी विनोदाने केलेला मी फक्त त्या दुकानात ऐकला.

एका कपड्याची सगळी लोकर एकदम घ्यायची, हा त्यांचा नियम होता. रंगाचा क्रमांक तोच असला तरी पुढच्या खेपेची छटा जुळत नाही, आणि बाही वेगळी दिसते. कृत्रिम धाग्याच्या, स्वस्त, चकचकीत लोकरीचा खण दाराशीच होता. त्या खणापुढे ते कधी थांबले नाहीत. शांतिभाई म्हणत की आता धंदा तिच्यावरच चालतो, शुद्ध लोकर नेणारे मोजके उरले, बाकीचे फुटपाथवरून तयार स्वेटर घेतात. नाना ऐकून घेत आणि आतल्या खणाकडे बोट दाखवत.

ते फक्त लहान मुलांचेच विणत. टोपडी, मोजे, बिनबाह्यांचे स्वेटर. मोठ्या मापात चुका लपतात, लहानात लपत नाहीत, असे कारण देत. मूल जवळ घेऊन माप घेत नसत. दारात उभे राहून बघत आणि अंदाजाने टाके घालत. अंदाज चुकल्याचे कुणी सांगितले नाही. कदाचित घालून कुणी पाहिलेच नसेल, ही शंका मला पुढे आली.

गल्लीत कुणाकडे मूल झाले की बारशाला नाना कागदात गुंडाळलेला स्वेटर घेऊन जात. घरचे तो घेत. "नाना, किती सुबक!" म्हणत. चहा देत, कपबशी नानांच्याच घरून मागवून. एका दुपारी जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण गल्लीत आली आणि नानांच्या ओट्यावर गाठोडे सोडून बसली. गाठोड्यात वरच्या बाजूला एक हिरवा स्वेटर होता. शेजारी एक पिवळा. दोन्हींना कधी पाणी लागलेले नव्हते. नानांनी ते ओळखले. मी माझ्या दारात होतो.

"हे कुठनं मिळालं, मावशी?"

"याच गल्लीतनं. नवंकोरं आहे बघा. नातवाला न्या."

नाना आत गेले, नोकरीतली आपली एक चांगली पँट घेऊन आले आणि ती देऊन दोन्ही स्वेटर परत घेतले. कुणाच्या घरातून आले ते विचारले नाही. त्या आठवड्यात त्यांनी ते उसवले, लोकर वाफेवर धरून सरळ केली आणि नवे विणायला घेतले. मी काही बोलेन अशी शंका आल्यामुळे असेल, त्यांनीच सांगून टाकले. "लोकर चांगली राहिली. अंग लागलंच नाही तिला."

नानांची पुतणी संगीता लग्नाची झाली तेव्हा धुळ्याचे एक स्थळ आले. मंडळी मुलगी पाहायला येणार त्या दिवशी नानांनी घरी नसावे, असे भावाने फिरवून फिरवून सुचवले. घरात क्षय होता हे कळले असते तर बोलणी फिसकटली असती. नाना सकाळीच सुया घेऊन निघाले आणि दिवसभर पाचोरा स्टेशनच्या बाकावर बसून राहिले. लग्न ठरले. लग्नात ते होते, मांडवाच्या कडेला. जावयाकडच्यांना त्यांची ओळख 'मोठे काका, रेल्वेत होते' अशी करून देण्यात आली.

वर्षा-दीड वर्षाने संगीता बाळंतपणाला माहेरी आली. नानांनी काय मनात धरले आहे ते गल्लीला कळायला वेळ लागला नाही. हे परक्याचे मूल नव्हते. हे घरातले होते, आणि याच्या अंगावर आपले विणलेले चढावे एवढी त्यांची इच्छा होती. मूल होण्याआधी घरात कपडा आणू नये म्हणून तयार टोपडे, झबले आणि मोजे त्यांनी माझ्या खोलीत ठेवले. रंग मोतिया. लोकर शांतिभाईंनी आतल्या खणातून काढलेली, दुकानातली सर्वांत मऊ. ती निवडायला नानांनी बराच वेळ घेतला होता. गोळा मानेला लावून ते इतके थांबले की शांतिभाईंनी विचारले, "झोप लागली काय?"

मुलगी झाली. ऐन मार्गशीर्षातली थंडी होती. बारशाच्या आदल्या दिवशी नानांनी कागदाची पुडी भावजयीपुढे ठेवली. सुमनवहिनींनी कपडे हातात घेतले, उलटसुलट पाहिले आणि त्या म्हणाल्या, "घालू, नाना. उद्या हेच घालू." भावाच्या घरात इतक्या वर्षांत त्यांना मिळालेले हे बहुधा सर्वांत मोठे आश्वासन होते. नाना लगेच बाहेर ओट्यावर येऊन बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीघरात बंबाशेजारी तपेले चढले. सुमनवहिनींनी त्यात सोडा टाकला, कडुनिंबाचा पाला टाकला आणि बाळाचे लंगोट उकळतात तसे ते कपडे खळखळून उकळून काढले. शुद्ध लोकर उकळली की आटते आणि घट्ट होते. काठीने बाहेर काढले तेव्हा टोपडे मोसंब्यावर बसेल एवढे झाले होते. झबले नमद्यासारखे ताठ. मोज्यांत बोट जात नव्हते.

त्या ओल्या कपड्यांसकट सुमनवहिनी ओट्यावर आल्या आणि सर्वांदेखत रडू लागल्या. "घालायचं होतं म्हणूनच उकळलं हो, नाना. नसतं घालायचं तर कशाला उकळलं असतं?"

"खरं आहे," नाना म्हणाले.

ते उपरोधाने बोलले नव्हते. त्या गल्लीत त्यांचा स्वेटर उकळण्याच्या लायकीचाही यापूर्वी कुणी मानला नव्हता. त्यांनी कपडे घेतले, उन्हात वाळवले आणि उसवायला बसले. उसवेना. धाग्यात धागा बसला होता. जे जे विणले ते उसवून पुन्हा विणता येते, या त्यांच्या हिशेबाला तेवढा एकच अपवाद झाला. बारशाला मुलीने बाजारातले तयार टोपडे घातले. नाव ठेवताना नाना दारात उभे होते.

पुढचे काही दिवस त्यांच्या हातात सुया दिसल्या नाहीत. मग एका सकाळी त्यांनी विचारले, "धुळ्याला कधी जाताय?"

दुकानात त्यांनी चपला काढल्या. पण आत न जाता ते दाराशीच थांबले आणि स्वस्त लोकरीच्या खणातून एक गोळा उचलला. तो मानेला लावला नाही.

"ही उकळली तर काय होतं, शांतिभाई?"

"काय पण नाही होत. थोडी लुळी पडते. आटत नाही."

"पुन्हा पुन्हा उकळली तर?"

"वीस वेळा उकळा ने. पण नाना, ही तर तुम्ही हातात पण घेत नव्हता."

"मोतिया आहे का हिच्यात?"

मोतिया नव्हता. केशरी होता, जरा भडक. नानांनी तो उन्हात नेऊन पाहिला नाही. शांतिभाईंनी पुडी बांधताना आतल्या खणाकडे एकदा पाहिले. परतीच्या एसटीत नाना विणत होते. धागा सुईवर करकर वाजत होता आणि त्याचा त्यांना त्रास होत होता, हे त्यांच्या भुवयांवरून दिसत होते. पारोळ्यापर्यंत बॉर्डर झाली.

नाना त्यापुढच्या हिवाळ्यात गेले. झोपेत, हृदयविकाराने. डॉक्टरांच्या लेखी फुफ्फुसांचा संबंध नव्हता. तरी गादी, उशी आणि लोकरीची पेटी त्याच दुपारी गावाबाहेर नेऊन जाळण्यात आली. निधनाची बातमी मी लिहिली. सेवानिवृत्त रेल्वे कर्मचारी, मनमिळाऊ, पश्चात भाऊ, भावजय, पुतणी. विणकामाचे एक वाक्य होते, ते त्यांच्या भावाने काढायला लावले. "तेवढं नका टाकू," ते म्हणाले, "लोक विचारतात, कुठं शिकले." वाक्य काढले.

त्याआधी, त्याच हिवाळ्याच्या सुरुवातीला, आम्ही शेवटचे धुळ्याला गेलो होतो. दुकान झाल्यावर नाना म्हणाले, देवपुरात जाऊन येऊ. संगीता तिथे राहत असे. अंगणात उन्हात सतरंजी टाकली होती आणि तीवर मुलगी बसली होती. अंगात केशरी स्वेटर. तो मोठ्या मापाचा विणला होता, आता बरोबर बसला होता. गळा थोडा लुळा पडला होता. नाना फाटकाशी थांबून पाहत राहिले. आपण विणलेले काही मुलाच्या अंगावर ते प्रथमच पाहत असावेत.

"रोज घालते का हा?" त्यांनी विचारले.

"रोज. दुसरा घालू देत नाही." मग संगीता खाली पाहून म्हणाली, "कालच उकळून घेतलाय, नाना. आईनं सांगून ठेवलंय म्हणून..."

"चांगलं केलंस."

मुलगी त्यांच्याकडे पाहून हसली आणि तिने दोन्ही हात पुढे केले. संगीताने तिला उचलले आणि नानांपुढे धरले. "घ्या ना तिला. येतेय बघा तुमच्याकडे."

नानांनी दोन्ही हात पाठीमागे नेले. "नको," ते म्हणाले. "माझा हात लागला की तुला परत उकळावा लागेल. या दिवसांत वाळत नाही लवकर."