पांढऱ्यावर उतरलेलं विमान

भाईंदरच्या खाडीकाठी मीठ पिकवणाऱ्या राघोचं बुटांशी जन्माचं वैर. कारणही तसंच होतं. हंगामाच्या आरंभी घरची नि शेजारची माणसं एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून, रांगेनं, अनवाणी आठ-आठ दिवस वाफ्याचा तळ तुडवत. तुडवून तुडवून चिखलाची फरशी झाली, की मग तिच्यावर खारं पाणी घ्यायचं. अशा तळात बुटाची टाच रुतली, की तिथलं मीठ मातकट निघे. म्हणून आमच्या बांधावर राजा आला तरी त्याला पायताण काढावं लागतं, असं त्याची बायको मंजुळा कौतुकानं सांगायची.

१९९१ सालचा मार्च. डोक्यावरून रोज घरघरत जाणारं शिकाऊ विमान त्या सकाळी आवाज न करताच आलं. इंजिन बंद पडलं होतं. राघोचे पाण्यानं भरलेले वाफे टाळून ते पलीकडच्या ओसाड मिठागराकडे वळलं, रंगमंचावर येणाऱ्या राणीच्या डौलानं खाली आलं, चाकं टेकली, थोडं धावलं, आणि पुढचं चाक खचून नाकावर उभं राहिलं.

राघो धावला. आत एकटी मुलगी होती, वीस-एकवीस वर्षांची. रसिका तिचं नाव. कपाळाला खोक पडली होती. राघोनं तिला पाठीवर घेऊन बांधावर आणलं. मंजुळेनं पाण्याचा तांब्या दिला, तो ती नुसता धरून बसली.

"मी नीट उतरवलं होतं, काका," एवढंच म्हणत राहिली.

दुसऱ्या दिवशी चौकशीचे साहेब आले. कपाळाला पट्टी बांधून रसिकाही आली. साहेबांनी बांधावरूनच निकाल देऊन टाकला. एवढी पांढरीफेक, सुकी, सपाट जमीन. तिच्यात चाक खचेलच कसं? पोरीनं विमान उंचावरून आपटलं असणार. तसं कागदावर गेलं, की तिचं उडणं कायमचं बंद. ती मान खाली घालून ऐकत होती.

राघोला विमानातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण जमिनीबद्दल कुणी चुकीचं बोललं, की त्याला गप्प बसवत नसे.

"सायेब, बूट काढा," तो म्हणाला.

साहेब हसले, पण काढले. राघोनं हात धरून त्यांना त्या पांढऱ्यावर नेलं. चौथ्या पावलाला पापुद्रा फुटला आणि साहेब गुडघ्यापर्यंत आत गेले. त्यांना ओढून काढून राघोनं आपल्या वाफ्यात उभं केलं. वर घोट्याएवढं पाणी, खाली तळ टणक.

"ते आगर सा वर्सं कुनी तुडवलं न्हाय," राघो म्हणाला. "वर मिठाची साय, खाली निसता चिखल. तुमाला जवळ उभं राहून दिसला न्हाय, पोरीला आभाळातून कसा दिसंल?"

साहेब चिखलाच्या पायांनीच बांधावर बसले. आधी लिहिलेल्या ओळी त्यांनी खोडल्या आणि नव्यानं लिहायला घेतलं.

राहिलं विमान. पंख सोडवले तरी धूड जड, आणि ते ओढून न्यायला टणक वाट एकच, राघोच्या वाफ्यांमधून. चार दिवसांत तिथलं मीठ ओढायचं होतं. कुणी विचारायच्या आत राघोनं फावडं घेऊन स्वतःचा बांध फोडला. ओढणाऱ्या वीस जणांना त्यानं अनवाणी केलं, तरी चाकांनी तळ नांगरून काढलाच.

"राजाला पायताण काढायला लावता, नि आता चाकं घालता व्हय?" मंजुळेनं विचारलं.

"चाकाला कुठं बूट हाय?" राघो म्हणाला.

पुढच्या हंगामात तुडवणीच्या पहिल्या दिवशी रसिका आली. परवाना मिळाल्याचं सांगून तिनं पेढे ठेवले, चपला बांधावर काढल्या आणि रांगेत शिरून मंजुळेच्या खांद्यावर हात ठेवला.

"पाय दाबून टाक गं," मंजुळा मागे न बघता म्हणाली. "परत उतरायची पाळी आली, तं हितंच उतर."