दुखण्याची तिथी विचारणाऱ्या सुशीलाअक्का

सुशीलाअक्का रुग्णाला नावाआधी तिथी विचारत. अमळनेरच्या अक्का धुळ्यातल्या एका लहान रुग्णालयात परिचारिका होत्या. ओटीपोट दुखतं म्हणून आलेल्या बायकांना तारीख आठवत नसे, उपास आठवत. "चतुर्थीले दुखनं? कोनती, संकष्टी का विनायकी?" मुस्लिम बायकांना त्या चांद की तारीख विचारत. मग भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट फिरवून तारीख काढत आणि केसपेपरवर लिहीत.

मी तिथे बातमीसाठी गेले होते. जाताजाता स्वतःचं सांगितलं. दर महिन्याला ओटीपोटात एका बाजूला दुखायचं, कधी डावीकडे, कधी उजवीकडे. घरचे गॅस म्हणत, एका डॉक्टरांना अपेंडिक्सची शंका होती.

"कॅलेंडरवर पाळीले फुली, दुखनाले टिंब. तीन महिने कर," अक्का म्हणाल्या.

"विसरले तर?"

"पेपरवाली शेस ना तू? लोकेस्न्या तारखा ध्यानमा ऱ्हातस, स्वतःनी नई?"

टिंबं पुढच्या पाळीच्या साधारण चौदा दिवस आधी पडली. तिथल्या डॉक्टरांनी तपासणी आणि सोनोग्राफी केली. स्त्रीबीज सुटतानाचं दुखणं, धोका नाही, असं सांगितलं. अक्कांनी दारात थांबवून बजावलं, दोन दिवसांच्या वर राहिलं, ताप आला, उलटी झाली, तर ते हे दुखणं समजायचं नाही.

दीड वर्षानंतर टिंबाच्याच दिवशी उजवीकडे जोरात दुखू लागलं. तारीख जुळत होती, म्हणून गोळी घेऊन कार्यालयात गेले. दुपारपर्यंत दोनदा उलटी झाली. तरी अक्कांना फोनवर म्हणाले, "नेहमीचंच आहे, तारीख बरोबर आहे."

"तारीख बरोबर शे. दुखनं नेहमीनं नई शे. उलटी व्हयनी ना? रिक्षा कर, आत्तेच!"

अंडाशयावर गाठ होती आणि त्याला पीळ पडला होता. संध्याकाळी शस्त्रक्रिया झाली. अंडाशय वाचलं. आणखी उशीर झाला असता तर ते काढावं लागलं असतं, असं डॉक्टरांनी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी आभार मानू लागले. अक्का सलाईन बघत होत्या. "मना आभार राहू दे. पेपरमा उलटीनं लिख. बाया तारीख जुळनी म्हनीसन घर बसतीन, तुन्हासारख्या."

"तुमचं नाव घालते."

"मनं नाव काय कामनं? बाईले काय व्हस ते लिख."

मी लिहिलं. चार परिच्छेदांत दुखण्याची लक्षणं होती, माझी चूक होती. अक्कांच्या सांगण्याप्रमाणे नाव नव्हतं.

गेल्या महिन्यात अमळनेरला त्यांचं निधन झालं. आता नको म्हणायला त्या नाहीत. म्हणून या मजकुरात त्यांचं नाव आहे.